शुक्रवारी न गाणारी धवलारीण

‘कुंदा’ हे नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा माझी मुलगी हळदीच्या पाटावर बसलेली होती, आणि माझ्या मुलीचं नाव वनिता आहे.

कुंदा म्हणजे माझ्या जावयाची पहिली बायको. ती पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही गेलं. तिचं नाव घरात घ्यायचं नाही, असं माझ्या विहिणीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. लग्न त्यांच्याच घरी होतं. ओटीवरचा तिचा फोटो काढला होता, खिळा तेवढा राहिला होता. त्या खिळ्याखाली पाट मांडून माझ्या मुलीला उष्टी हळद लागत होती, आणि मी पन्नासेक बायकांसमोर ते नाव गायले. तेही दोनदा.

आधी धवलारणीनं गायलं. आमच्या लोकांत लग्नाला भट नसला तरी चालेल, धवलारीण पाहिजे. ती धवला, म्हणजे लग्नाचं गाणं गाते, त्याशिवाय हळद लागत नाही. तिनं एक ओळ म्हणायची आणि मागं बसलेल्या बाईनं तीच उचलायची. मागं धरायचं काम माझं होतं. मागं धरणारीनं डोकं चालवायचं नसतं, डोकं चालवलं की ओळ सुटते. ती म्हणाली, ‘कुंदा नवरीला हलद लावा गो’, मीही तेच म्हणाले. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा म्हणाले. मग मला ऐकू आलं, आपण काय म्हणतोय ते.

विहिणीनं हळदीची वाटी उचलून अंगणात भिरकावली.

“कोनाला बोलवतंस गो? मेलेलीला? माज्या घरात?”

धवलारीण डोळे मिटून गायची. तिनं डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, “काय झालं? लाईट गेली का?”

तिला दोन बायांनी दंडाला धरून रस्त्यावर नेऊन सोडलं. जाताना ती पुन्हापुन्हा मागं वळून मलाच विचारत होती, “अगो, झालं काय?” मी उत्तर दिलं नाही. मी माझ्या मुलीकडं बघत होते. तिच्या एका गालाला हळद लागली होती, दुसरा कोरा होता. पुढचं लग्न कुणीतरी आणलेल्या भटानं अर्ध्या तासात उरकलं.

ही बाई मला तीस वर्षं ओळखीची. मूळची आमच्या कोन गावचीच. तरुणपणी नवरा गेला, मग ती भिवंडीत नारपोलीला खोली घेऊन राहिली आणि कांडी भरायच्या कामाला लागली. लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, धोटा पळतो, त्यात सुताची कांडी लागते. ती भरायचं काम बायका करतात. दिवसभर मशीनजवळ बसून ती ओठ हलवत असायची. शेठला वाटायचं म्हातारी जप करते. ती गाणी जुळवत असायची.

दुसऱ्या धवलारणी आईकडून, मावशीकडून आलेलं जसंच्या तसं म्हणतात. हिनंही मावशीमागं भाताची लावणी करता करता ते सगळं पाठ केलं होतं, पण हिला त्यानं पुरायचं नाही. ती प्रत्येक लग्नाला नवं जोडायची. महिनाभर आधी घरी येऊन बसायची आणि पोलिसासारखी चौकशी करायची. नवरीच्या आजीचं नाव काय, पणजीचं काय, कोण मेलं, कशानं मेलं, कोण कुणाशी बोलत नाही. चहा घ्यायची नाही. थंडा मागायची, तोही नारंगीच. दुसऱ्या रंगाचा दिला तर बाटली तशीच ठेवून उठायची.

चौकशीतलं सगळं मग धवल्यात यायचं. महादेव पार्वतीला घेऊन मांडवात निघाला तर वडप्याच्या नाक्यावर कंटेनरमागं अडकायचा, आणि पार्वती त्याला म्हणायची, मी बोलले होते कोनवरून जाऊ. एका नवऱ्याच्या मामानं हायवेजवळची जमीन गोडाऊनवाल्याला विकून मोटार घेतली होती. हिनं भर हळदीत गायलं, ‘मामाचे गारीला चार दारं गो, उभी कराया वाव न्हाय.’ मामा उठून गेला. बायका पोट धरून हसल्या. पुढच्या वर्षी त्याच मामानं आपल्या मुलीच्या लग्नाला हिलाच बोलावलं. म्हणाला, “दुसरी आनली तर लोक बोलतील मी घाबरलो.”

तिला पेटी अजिबात आवडायची नाही. म्हणायची, दमेकऱ्यासारखी धापा टाकते. कॅसेटवरची लग्नाची गाणी लागली की कानात सुताचे बोळे घालायची, लोकांना दिसतील असे. पण नाक्यावरच्या उत्तर प्रदेशातल्या माणसाच्या चहाच्या हॉटेलात कव्वाली लागली की बाहेर उभी राहायची, पदराखाली बोटं मोजत.

“अम्मा, अंदर बैठो ना,” तो म्हणायचा.

“बैठके क्या सुनेगा? वो लगाव, जिसमें वो आदमी एकदम चढता है और उतरताच नहीं.”

“आज दूसरी है.”

“तो मैं जाती. कल लगाना.”

पुढच्या हळदीला पार्वतीची पाठवणी त्याच चढणीवर चढायची. माझा दम जायचा. मी तिला बाय म्हणायचे. एकदा म्हणाले, “बाय, हे आपलं न्हाय वाटत.” ती म्हणाली, “तुज्या लुगऱ्याचं सूत कुठलं हाय, इचारलंस कवा?”

मी चौथी शिकले. तिला म्हटलं, तुझी गाणी मी वहीत उतरवून ठेवते. ती अंगठेबहाद्दर, तरी मलाच म्हणाली, “लिवलेलं आंधलं असतं. त्याला तुजे डोले लागतात. माजं त्याचं ते चालतं.” मी पुन्हा विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता मला निम्मंही आठवत नाही.

तिची सगळ्यांत विचित्र गोष्ट म्हणजे शुक्रवार. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी ती गात नसे, नवं जुळवत नसे, फार बोलतही नसे. शुक्रवारचं लग्न घेत नसे. लोकांना वाटायचं देवीचा उपास असेल. उपास कसला, शुक्रवारीच ती टोमॅटो घालून सुके बोंबील करायची आणि पातेलं पुसून खायची. तिच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या शेडची भिंत एकच. लूम चालू असले की भिंतीवरचा आरसा थरथरायचा. चेहरा धड दिसायचा नाही. मी तिला म्हटलं, इथं झोप तरी कशी लागते? तर ती भिंतीला तळवा लावून झोपायची. मी स्वतः पाहिलं आहे.

लग्नानंतर तिला आमच्या भागात कुणी बोलावलं नाही. ‘मेलेलीला पाटावर बसवनारी’ असं नाव पडलं. मलाही कुणी मागं धरायला बोलावलं नाही, पण माझं काही अडत नव्हतं, मी भाजी विकत होते. तिचं अडलं. तिचं दुसरं काही नव्हतंच.

मी तिच्याशी भांडायला गेले. नेमका शुक्रवार निघाला. ती भिंतीला पाठ लावून बसली होती.

“तू माज्या पोरीच्या हलदीला कुंदाचं नाव का घेतलंस?”

“मी घेतलं न्हाय.”

“पन्नास बायका बहिऱ्या होत्या?”

“मी वनिताच बोलले. महिनाभर जुलवलं होतं मी, वनिता, वनिता, वनिता. तुजी विहीण पयल्यापासून खोटारडी.”

“आनि मी? मी मागं काय बोलले?”

ती म्हणाली, “तूच कायतरी चुकलीस, तर.”

मला इतका राग आला की मी तिचं बोंबलाचं पातेलं पायानं सरकवलं. ती पातेल्याकडं बघत म्हणाली, “गाऊन दाखवलं असतं तुला. पन आज शुक्रवार.” मी निघून आले आणि दोन वर्षं तिकडं फिरकले नाही.

लग्नानंतर दीड वर्षानं वनिताला दिवस गेले. तोवर घरात कुणी तिला काही बोललं नव्हतं, जावई माझा बरा माणूस आहे. पण विहीण तिच्याकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. आमच्यात समजूत अशी की ज्या नावानं हळद लागते तीच नवरी. म्हणजे माझी मुलगी त्या घरात आहे ती कुंदा म्हणून, आणि कुंदाचं जे झालं तेच हिचं होणार. विहिणीनं हे तोंडानं कधी म्हटलं नाही. पाळणा मात्र आणला नाही, एक दुपटंसुद्धा शिवलं नाही.

सातव्या महिन्यात मी मुलीला भेटायला गेले. हाडं वर आली होती. गादीखाली हात घातला तर रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटं, एकही फोडलेलं नाही.

“या कशाला ठेवल्यास?”

“कशाला खाऊ? फुकट जातील.”

मी तिच्या थोबाडीत मारली. सात महिन्यांच्या पोटुशीला मारली, हे मी लपवत नाही. ती रडली नाही. म्हणाली, “आई, माजा धवला अर्धा राहिलाय. एक गाल कोरा राहिला माजा. त्या बायला सांग पुरा कर. मग गोल्या खाईन.”

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण तिनं कुणाकडंही न्यायला सांगितलं असतं तरी मी नेलं असतं. विहिणीचं घरही नारपोलीतच. तिला सांगितलं दवाखान्यात जातो, आणि दोन गल्ल्या ओलांडून धवलारणीकडं आलो. वार मंगळवार होता, ते मी बघून घेतलं होतं. लोडशेडिंगचं मात्र माझ्या ध्यानात राहिलं नाही. दुपारी लाईट जायची तेव्हा. आम्ही पोचलो तर सगळी नारपोली गपगार, लूमवाले बाहेर ओट्यांवर बिड्या ओढत बसलेले.

ती वाळली होती. वनिताचं पोट पाहून आधी नारंगी थंड्याची बाटली पुढं केली. तिच्याकडं ती असायचीच. मग वनितानं काय पाहिजे ते सांगितलं. बाय म्हणाली, “आता नको. लाईट आल्यावर.”

“आत्ताच,” वनिता म्हणाली. “मला परत जायचंय. सासू वाट बघेल.”

नाही म्हणता आलं नाही तिला. तिनं डोळे मिटले, सवयीनं तळवा मागच्या भिंतीला लावला आणि सुरू केलं. मी मागं धरलं. देवांना बोलावून झालं, वाडवडिलांना बोलावून झालं. मग हळदीची ओळ आली.

‘कुंदा नवरीला हलद लावा गो.’

या वेळी मी उचलली नाही. वनिता उठायला लागली. मी तिचं मनगट धरून खाली बसवलं, कारण बाय थांबलीच नव्हती. मागून कुणी धरत नाही हेही तिला कळलं नव्हतं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की ही चालच वेगळी आहे. ही संथ होती, जुनी. आमच्या तरुणपणी सगळ्या हळदी याच चालीत लागायच्या. वनितासाठी तिनं बांधलेला धवला असा नव्हता, त्याची मी तिच्याबरोबर महिनाभर तालीम केली होती, तिच्या याच खोलीत, या भिंतीजवळ.

मी वनिताला धरून तशीच बसले. तिसऱ्यांदा कुंदा, चौथ्यांदा कुंदा. मग बाहेर कुणीतरी ओरडलं, “आ गई! आ गई!” पलीकडं एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळेच. आरसा थरथरायला लागला. बायच्या तळव्याखाली भिंत हलायला लागली. तिची मान हलली, चाल उचलली गेली, आणि डोळे न उघडता, मध्ये श्वासही न घेता ती म्हणाली,

‘वनिता नवरीला गो हलद लावा, वनिता नवरीला.’

लूमवर बसत होतं ते अगदी. खटखट वनिता, खटखट वनिता.

वनिता माझ्याकडं बघायला लागली. “आई, हिला ठावंच न्हाय.”

मग आम्हाला सगळं उलगडलं. कुंदाची हळदही याच बाईनं लावली होती. तेव्हा विहिणीच्या घराशेजारी शेड नव्हती, भाताची खाचरं होती. शांततेत, जुन्या चालीत तिनं कुंदाला त्या घरात आणली. पुढं तिथं लूम आले आणि वनिताचा धवला तिनं लूमच्या ठेक्यावर बांधला. आमच्या हळदीच्या दिवशी तो ठेका शेजारून येत होता, आम्हाला ऐकूही येत नव्हता इतका सवयीचा. मध्येच लाईट गेली, ठेका तुटला. चालायची वाट गेल्यावर बैल ओळखीच्या वाटेला लागतो, तशी ती जुन्या चालीवर गेली आणि त्या चालीत, त्या घरात जे नाव होतं ते आलं. तिनं पहिलंच विचारलं होतं, लाईट गेली का. मांडवातल्या एकीनंही तिला उत्तर दिलं नाही. मीही नाही.

मी तिला हे समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, “न्हाय बा. मी वनिताच बोलले.” मरेपर्यंत तिनं कबूल केलं नाही. म्हणून मला अजून प्रश्न पडतो की तिच्या आत काय चालायचं. एवढं पाठ असणाऱ्या बाईला स्वतःचं तोंड ऐकू येत नसेल? मला कळलेलं नाही.

वनितानं त्या दिवशी भिंतीला स्वतःचा तळवा लावून बघितला. मग म्हणाली, “पुरा कर.” हळद नव्हती, तर बायनं मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर घेतली, थंड्याच्या थेंबात कालवली आणि राहिलेल्या गालाला लावली. मी मागं धरलं. धवला पुरा झाला. परतताना वनितानं नाक्यावर दोन वडापाव खाल्ले आणि गोळी मागितली.

म्हणून बाळंतपण सोपं गेलं असं नाही. रक्त थांबेना. भिवंडीतून पुढं ठाण्याला नेलं. विहीण आणि मी एका बाकावर, मध्ये पिशवी. नर्स फॉर्म घेऊन आली. “पेशंटचं नाव?”

विहीण म्हणाली, “कुंदा.”

नर्सनं लिहिलं. विहिणीनं दोन्ही हात तोंडावर दाबले. मी नर्सला म्हटलं, “खोडा. वनिता लिहा.” नर्स वैतागली, “एक काय ते सांगा.” विहिणीला पुष्कळ बोलता आलं असतं. पण तीच बोलली, “तीपन आशीच नेली होती. मीच होते बाकावर.” मग म्हणाली, “तिला सासरी नांदवली मी दोन वर्सं, आनि नाव घ्यायची चोरी केली.”

मुलगी झाली, वनिताही वाचली. बारशाला धवलारणीला बोलवायचं असं विहिणीनंच ठरवलं आणि स्वतः तिच्या खोलीवर गेली. परत आली ती कपाळाला हात लावून. बारावा दिवस शुक्रवारी येत होता.

“न्हाय बोलली?”

“न्हाय बोलली. शनवारी येते बोलली.”

“शनवार तेरावा दिवस. तेराव्याला बारसं कोन करतं?”

“आमच्यात करतात,” विहीण म्हणाली.

लोकांनी नावं ठेवली, पण जेवायला सगळे आले. बाय आली, नारंगी प्याली आणि ओटीवर शेडच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसली. भिंतीवर कुंदाचा फोटो त्याच खिळ्याला परत लावला होता. बायनं नेहमीप्रमाणे विचारलं, घरातलं कोण कोण गेलं, आणि विहिणीनं सासऱ्यापासून सुरू करून कुंदापर्यंत सगळी नावं सांगितली, त्यात नाव न ठेवलेलं ते बाळही सांगितलं. बायनं ती सगळी बोलावली आणि मग पाळण्याजवळ आली. लाईट गेली नाही.

त्यानंतर ती सहा-सात वर्षं होती. गेली तो दिवस बुधवार होता, लूम चालू होते. आता विहीणही नाही, आणि ती शेडही नाही.

वनिता आहे. नारपोलीलाच असते. तिची मुलगीही आहे.